आठवडे बाजाराला सरकारी पैसा: शेडला द्यायचा की गिऱ्हाइकाच्या हातात?

आंबटचुका | रविवार, रात्री ९.४०

आमच्याकडे (पुणे, उपनगर) दर रविवारी सकाळी शेतकरी आठवडे बाजार भरतो. शाळेचं मैदान, वीस-पंचवीस टेबलं, वर हिरवं कापड. सातला सोसायट्यांमधले लोक पिशव्या घेऊन हजर असतात. मैदानाच्या मागच्या भिंतीला लागून वस्ती आहे. लागून म्हणजे अगदी लागून, तिकडे फोडणी दिली की इकडे ठसका लागतो. दीड वर्ष जातेय मी या बाजारात. भिंतीपलीकडची माणसं तिथे खरेदी करताना क्वचितच दिसली.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "तिथं भाव पाटीवर लिहिलेला. कमी करा म्हणायची सोय नाही. आन् पावशेर मागितलं की तोंडाकडं बघत्यात."

आता मुद्दा. पुण्यात २००६पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपापल्या भागातलं काम सुचवता येतं. यंदा आमच्या आसपासच्या चार सोसायट्या मिळून बाजारासाठी पक्की शेड मागणार आहेत. सह्यांचा कागद माझ्याकडे आलाय आणि तीन दिवस फ्रिजवर चुंबकाखाली आहे. सही करवत नाही.

जुन्या लोकांना आठवत असेल, जुलै २०१६मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, म्हणजे समितीच्या आवाराबाहेरही विकायची मोकळीक दिली, आणि त्याच वर्षी राज्याच्या पणन मंडळाने संत सावता माळींच्या नावाने आठवडे बाजारांचं अभियान सुरू केलं. शेतकऱ्याने थेट विकावं, मधली साखळी तुटावी, दोघांचं भलं व्हावं. हेतू चांगलाच आहे. पण दोघांतला दुसरा कोण? आमच्या बाजारात तरी तो मी आहे, आणि मला सवलतीची गरज नाही. मैदान सार्वजनिक, शेड सार्वजनिक पैशाची, आणि ताजी मेथी घरी कोण नेतं, तर मी.

त्यापेक्षा तोच पैसा कुपनं करून भिंतीपलीकडच्या घरांत दिला तर? बाजारात येऊन हवी ती भाजी घ्या, शेतकऱ्याला पूर्ण भाव मिळेल. परदेशात असं चालतं असं ऐकून आहे. इथे शेतकरीही आहेत, परदेशस्थही आहेत. बोला.

---

पिकअपवाला | रविवार, रात्री १०.१५

ताई, मी टेबलाच्या पलीकडचा माणूस. जुन्नर तालुका. तुमच्या नाही, पण अशाच एका बाजारात रविवारी असतो.

आधी हिशेब सांगतो. शनिवारी दुपारपासून तोडणी. रात्री निवड करून जुड्या बांधायच्या. पहाटे तीनला पिकअप निघते. डिझेल, टोल, बरोबर एक माणूस, टेबलाचं भाडं. मंडईत माल टाकला तर अडत्याची पट्टी हातात येते आणि तासाभरात मोकळा होतो. त्यात भाव काय लागेल ते देवाला ठाऊक. २०२३च्या जुलैमध्ये टोमॅटोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर घेतलेत मी, आणि त्याच वर्षी दोन महिन्यांनी तोडणीची मजुरी सुटेना म्हणून बागेत मेंढरं सोडली. आठवडे बाजारात भाव माझ्या हातात असतो म्हणून येतो. पाटीवर लिहिलेला भाव ही माझ्यासाठी चैन आहे, तोच तुमच्या ताईंना टोचतो. दोघंही खरे.

पावशेराचं सांगतो. सकाळच्या गर्दीत पावशेर मोजायला तेवढाच वेळ जातो जेवढा दोन किलोला. तोंडाकडे बघत असू, चूक आहे. साडेबारानंतर या म्हणावं, तेव्हा आम्हीच हाका मारतो.

आणि शेडला नाही म्हणू नका. माझी बायको पहाटे तीनपासून दुपारी दोनपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. का ते तुम्ही बाई आहात, ओळखा. मैदानात संडास नाही. शाळेचा आहे, त्याला रविवारी कुलूप.

---

रानवारा | रविवार, रात्री १०.३०

वरच्या प्रतिसादातल्या शेवटच्या चार ओळींना +१. शेड राहू दे, आधी संडास मागा.

---

न्यूजर्सीची_सून | सोमवार, सकाळी ६.०५

आंबटचुका, तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. आमच्या गावाच्या फार्मर्स मार्केटमध्ये मी दोन उन्हाळे टोकनच्या टेबलावर बसलेय, म्हणून जवळून सांगते.

अमेरिकेत गरीब घरांना 'स्नॅप'खाली दरमहा धान्य-किराण्यासाठी कार्डावर पैसे मिळतात. ते कार्ड घेऊन माणूस बाजारात आमच्या टेबलाशी येतो. समजा दहा डॉलर कापले. मी त्याला दहा डॉलरची लाकडी नाणी देते, कॅरमच्या सोंगटीपेक्षा थोडी मोठी. आणि वर आणखी दहा डॉलरची वेगळ्या रंगाची नाणी, ती फक्त फळं-भाजीला चालतात. शेतकरी दुपारी ती नाणी पिशवीत भरून आणतो, आम्ही मोजतो, त्याला पैसे मिळतात. 'डबल अप फूड बक्स' नावाने हे २००९मध्ये डेट्रॉइटच्या बाजारांत सुरू झालं, देणग्यांवर. चाललं, म्हणून २०१४च्या शेती कायद्यात केंद्राने अशा योजनांसाठी पाच वर्षांना १० कोटी डॉलर ठेवले, २०१८मध्ये ते २५ कोटी केले. अट अशी की तेवढाच पैसा राज्याने, गावाने किंवा संस्थांनी उभा करायचा.

आता दुसरी बाजू. पहिल्या उन्हाळ्यात आमच्याकडे नाणी घ्यायला कोणी यायचंच नाही. गावभर फलक लावले होते. मग एका आजींनी सांगितलं, तुमचं टेबल बरोबर प्रवेशाशी आहे, शेजारीपाजारी बघतात. आम्ही टेबल आत, मधाच्या दुकानामागे नेलं. तिथपासून माणसं येऊ लागली. कुपन काढाल तेव्हा हे ध्यानात ठेवा.

फूड बँकेचंही लिहीन, पण आता ऑफिस.

---

गाडीवरची_लेक | सोमवार, दुपारी १.२०

खूप वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहिते.

माझी आई हातगाडीवर भाजी विकते. एकतीस वर्षं झाली. धाग्यात आतापर्यंत शेतकरी आला, गिऱ्हाईक आलं, सरकार आलं, अमेरिका आली. आई आली ती 'मधली साखळी' म्हणून, आणि ती तोडायची आहे.

वस्तीतली बाई आठवडे बाजारात येत नाही, कारण तिच्या हातात रविवारी सकाळी तीनशे रुपये नसतात. तिच्या हातात रोज संध्याकाळी चाळीस रुपये येतात. त्यात ती दोन कांदे, चार मिरच्या, दहा रुपयांची कोथिंबीर, अर्धा पाव वांगी घेते. फ्रिज नाही, आठवड्याची भाजी ठेवणार कुठे? आई तिला पाच बटाटे मोजून देते. महिनाअखेरीला उधारीवर देते. आईची वही आहे, त्यात नावं नाहीत कारण आईला लिहिता येत नाही, खुणा आहेत. लाल दारवाली, दोन जुळ्यांची आई, असं. मी दहावीत असताना ती वही नीट लिहून द्यायला बसले तर आई म्हणाली, "असूदे, मला कळतंय, तुला कळायची गरज नाही." कोणाची किती बाकी आहे हे पोरीलाही कळू नये म्हणून.

माल ती पहाटे गुलटेकडीच्या घाऊक बाजारातून आणते. टेम्पोत पाच जणींची वाटणी. दिवसभरात सुकलेला, फेकलेला माल तिच्या अंगावर. कधी कारवाई झाली तर गाडी सोडवायचा दंड वेगळा. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४चा आहे, हे तिला माझ्याकडून कळलं.

ज्या रविवारी मैदानात बाजार असतो त्या दिवशी तिचं सोसायटीतलं गिऱ्हाईक बुडतं. आणि त्या सोसायटीच्या गिऱ्हाइकावर जे चार पैसे सुटतात त्यातूनच वस्तीची उधारी पेलते. हे गणित कोणी मांडलंय का?

कुपन काढायचंच असेल तर ते आईच्या गाडीवर चाललं पाहिजे. एवढंच.

---

आंबटचुका | सोमवार, दुपारी ३.००

गाडीवरची_लेक, दोनदा वाचलं. हा कोपरा माझ्या डोक्यातच नव्हता, खरंच सांगते. तुम्ही वाचनमात्र राहू नका.

---

माजी_पुरवठा | सोमवार, रात्री ९.१०

निवृत्त माणूस, वेळ आहे, म्हणून सविस्तर.

कुपन, थेट पैसे, हे शब्द आले की मला काळजी वाटते. आज रेशनवर धान्य मिळतं ते २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने मिळालेला हक्क म्हणून. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. १ जानेवारी २०२३पासून तेही मोफत. तांदूळ-गव्हाला बाजारभाव चढला तरी पाच किलोचे चार होत नाहीत. पैसे दिले की ते आज पुरतात, काही वर्षांनी पुरत नाहीत.

मात्र त्या कायद्यात भाजी नाही. फळ नाही, दूध नाही, डाळही हक्काने नाही. पोट भरतं, रक्त भरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. म्हणून भाजीसाठी काहीतरी हवं, हे मान्य. धान्याच्या जागी नको, धान्याच्या जोडीला हवं.

आणखी एक. 'गरीब' ठरवणार कसं? कायदा आल्यावर राज्याने प्राधान्य कुटुंबाची उत्पन्नमर्यादा शहरात वर्षाला ५९ हजार ठरवली, ग्रामीण भागात ४४ हजार. शहरात दोन घरची धुणीभांडी करणारी बाई आणि रंगकाम करणारा नवरा, दोघांचं मिळून ५९ हजारांत बसतं का? बसत नाही. मग दाखला तरी खोटा आणायचा, नाही तर कार्डच नाही. कुपन कार्डाला जोडलंत तर सगळ्यात गरजू त्यातून गळतील. माझ्या टेबलासमोर गळलेले बघितलेत.

---

धाराशिवकर | सोमवार, रात्री ९.५०

माजी_पुरवठा यांच्या पहिल्या मुद्द्याचा चालताबोलता पुरावा म्हणजे आमचं घर.

मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा असे चौदा जिल्हे, जिथे शेतकरी आत्महत्या जास्त. इथल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना आधी दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळायचा, माणशी पाच किलो. २०२३मध्ये ते बंद होऊन माणशी महिना १५० रुपये सुरू झाले, पुढे १७० केले. कुटुंबातल्या बाईच्या नावे खात्यात येतात.

आम्ही पाच जण, म्हणजे साडेआठशे. आईचं खातं तालुक्याला. जायला-यायला भाडं, पासबुक भरायला रांग. म्हणून ती तीन-तीन महिने काढतच नाही आणि मग एकदम काढले की औषधाला जातात नाही तर बियाण्याला. धान्य यायचं तेव्हा ते कणगीत जायचं, औषधाला जात नव्हतं.

तरी आई म्हणते पैसे बरे. कारण दुकानदाराच्या तोंडाला लागावं लागत नाही. मी आणि ती यावर दर दिवाळीला भांडतो.

---

झणझणीत | सोमवार, रात्री १०.३०

चला, मी वाईटपणा घेतो.

१९९५ आठवतंय का? एक रुपयात झुणका-भाकर. चौकाचौकात टपऱ्या. पाचेक वर्षांत योजना गेली आणि टपऱ्या राहिल्या. कुठे वडापाव, कुठे चायनीज. जागा कोणाच्या ताब्यात राहिल्या हे सांगायला नको. तुमच्या शेडचं तेच होणार. सोमवार ते शनिवार तिथे कोणाच्या गाड्या लागणार, गणपतीत कोणाचा मांडव पडणार, लिहून देऊ?

आणि कुपनं? पन्नासचं कुपन कोपऱ्यावरच्या टपरीत चाळीसला विकलं जाईल. पैज.

---

चेन्नईतला_पांडू | सोमवार, रात्री ११.१५

झणझणीत, सगळंच बुडतं असं नाही हो. मी इथे अठरा वर्षं आहे. तमिळनाडूत 'उळवर संदै' म्हणजे शेतकऱ्यांचा बाजार. पहिला मदुराईत, १४ नोव्हेंबर १९९९. आंध्रात त्याच वर्षी जानेवारीत 'रयतु बजार' सुरू झाले, तो पाहून. पंजाबात 'अपनी मंडी' तर १९८७पासून.

इथली पद्धत अशी. शेतकऱ्याला फोटोचं ओळखपत्र, तेही अधिकारी शेतात जाऊन पीक बघून देणार. म्हणजे व्यापाऱ्याने लुंगी बदलून शेतकरी बनून यायचं नाही. जागेचं भाडं नाही, तराजू सरकारी. सकाळी भावाचा फळा लागतो, घाऊकच्या वर आणि किरकोळच्या खाली. तिथला संडास, पाणी, झाडलोट, भाव ठरवणारा माणूस, सगळ्याचा पगार सार्वजनिक पैशातून. म्हणजे पैसा छपरापेक्षा माणसांवर जास्त. २००१मध्ये सरकार बदललं तेव्हा हे बाजार बरेच दुर्लक्षित झाले आणि २००६नंतर पुन्हा हलले, तेव्हा राजकारणाचं म्हणाल तर ते आहेच. पण टिकलेत.

गरिबाला मात्र इथे त्या बाजारापेक्षा अम्मा कँटीनने जास्त धरलं. २०१३पासून, एक रुपयाला इडली, पाचला सांबारभात. माझ्या ऑफिसचा सुरक्षारक्षक आणि मी, दोघं एकाच बाकावर खाल्लंय.

---

ताटवाटी | मंगळवार, सकाळी ११.४०

थाळीचा विषय निघालाच आहे तर. आपल्याकडे शिवभोजन २६ जानेवारी २०२०ला सुरू झालं. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. शहरात थाळीचा खर्च ५० धरला, वरचे चाळीस सरकार देणार. ग्रामीण भागात ३५. लॉकडाऊनमध्ये पाच रुपये केले आणि २०२१च्या निर्बंधांत काही काळ फुकट. त्या काळात किती लोक त्या ताटावर जगले हे ज्यांनी वाढलं त्यांना विचारा.

मी पुस्तकातलं बोलत नाही. आमचा बचत गट अनुदानावरचं एक जेवणाचं केंद्र चालवतो. कुठली योजना, कुठलं गाव ते सांगत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे त्याच दिवशी गल्ल्यात. वरचे पैसे बिलं घातल्यावर. बिलं घातली की महिने जातात. मागच्या वर्षी सात महिन्यांचं एकदम आलं. तोवर किराणावाल्याने उधार बंद केलं, दोघींनी मंगळसूत्रं गहाण टाकली, आणि आम्ही भाजीत बटाटा वाढवला. खोटं कशाला बोलू. वाटीत पालक असायचा तिथे बटाटा आला, कारण बटाटा परवडतो आणि टिकतो. पोषण वगैरे कागदावर असतं, वाटीत काय पडणार ते बिल कधी निघालं त्यावर ठरतं.

म्हणून कुपनवाल्या ताईंना एकच सांगणं. शेतकऱ्याला, गाडीवालीला पैसा त्याच दुपारी द्या. पंधरा दिवसांनी देतो म्हणालात की तिसऱ्या आठवड्यात कोणी कुपन घेणार नाही.

---

न्यूजर्सीची_सून | मंगळवार, संध्याकाळी ७.२०

फूड बँकेचं लिहायचं राहिलं होतं.

जगातली पहिली फूड बँक १९६७ची, ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये. दुकानं फेकून देतात ते खाण्याजोगं अन्न साठवायचं आणि वाटायचं, एवढीच कल्पना. पुढे १९८०च्या सुमारास सरकारकडे चीजचे डोंगर साचले, दूध उत्पादकांना भाव मिळावा म्हणून विकत घेतलेले. ते वाटायला सुरुवात झाली आणि १९८३पासून सरकारी माल फूड बँकांतून वाटणं ही रीतच झाली. म्हणजे मुळात प्रश्न शेतकऱ्याच्या भावाचा, उत्तर गरिबाच्या ताटात. हे जोडकाम इथे जुनं आहे.

मी महिन्यातून दोन शनिवार एका फूड बँकेत डबे लावते. ऑक्टोबर २०२५मध्ये सरकारी कामकाज बंद पडलं, नोव्हेंबरमध्ये स्नॅपचे पैसे अडकले, देशभरातल्या सव्वाचार कोटींच्या आसपास लोकांचे. आमच्याकडे गाड्यांची रांग चौक ओलांडून गेली. रांगेत आमच्याच मुलीच्या शाळेतल्या मदतनीस बाई होत्या. त्यांनी मला बघून काच वर केली. मी डिकीत डबा ठेवला आणि मागे न बघता परत आले.

त्याच वर्षी मार्चमध्ये आणखी एक झालं होतं. फूड बँकांनी स्थानिक शेतकऱ्यांकडून माल विकत घ्यावा यासाठी केंद्राचा निधी होता, तो पुढच्या वर्षांसाठी रद्द केला. आम्हाला भोपळा, रताळी, कोबी देणारा एक शेतकरी त्या भरवशावर लावणी वाढवून बसला होता. मग पुन्हा आमच्या डब्यात डबाबंद मका. अतिशय कंटाळवाणा मका.

तेव्हा सरकारी पैसा घ्याच, पण त्याच्या एकट्याच्या जिवावर पेरू नका.

---

तिखटमीठ | मंगळवार, रात्री ८.००

फूड बँक आपल्याकडे चालेल का, यावर केटरिंगवाला म्हणून बोलतो. लग्नातलं उरलेलं अन्न द्यायची इच्छा सगळ्यांची असते, फोन रात्री साडेअकराला येतो. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम २०१९मध्ये केलेत. वाटणाऱ्या संस्थेची नोंदणी, कोणाकडून काय घेतलं कुठे दिलं याची नोंद, मुदत संपलेलं नाही चालणार. नियम योग्यच आहेत. पण रात्री बारा वाजता बासुंदी घेऊन जायला थंड पेटीची गाडी लागते. ती गाडी, तो चालक, तो फ्रिज यालाच पैसा लागतो आणि देणगीदाराला फ्रिजवर नाव टाकायला आवडतं, चालकाच्या पगारावर नाही.

आठवडे बाजाराचं उरलेलं सोपं आहे, ते कच्चं असतं. अंगणवाडीला किंवा शाळेच्या खिचडीला का जाऊ नये? ब्राझीलमध्ये २००९च्या कायद्याने शाळेच्या जेवणाच्या केंद्रीय पैशातला किमान ३० टक्के माल छोट्या शेतकरी कुटुंबांकडूनच घ्यायची अट घातली, २०२६पासून ती ४५ टक्के केली.

---

पिकअपवाला | मंगळवार, रात्री ९.३०

उरलेल्याचं सांगू का. कोथिंबिरीच्या जुड्या दोनला राहतात चाळीस-पन्नास. परत न्यायच्या तर गावी पोचेपर्यंत काळ्या. मैदानाच्या कडेला ठेवून येतो, गाई खातात. कोणी घेणार असेल तर आनंदाने देईन. पण एक अट. फुकट वाटायचं तर माझ्या टेबलावरून नको. पुढच्या रविवारी सगळे दोनलाच येतील.

शाळेला रोज लागतं, आणि तेही सकाळी सातला. माझा बाजार रविवारचा. जुळवायचं कसं?

---

आंबटचुका | सात आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८.४५

धागा वर काढतेय. बरंच झालं, थोडक्यात लिहिते.

सहीच्या कागदावर शेडऐवजी दोन संडास, हात धुवायला नळ आणि मैदानाच्या मागच्या भिंतीत एक दार असं लिहून घेतलं. दार हे गाडीवरच्या_लेकीने मला व्यनितून (खासगी निरोपातून) सुचवलं. आता वस्तीतून बाजारात यायला मैदानाला अर्धा वळसा घालून सोसायटीच्या रस्त्याने, वॉचमनच्या समोरून यावं लागतं. मी दीड वर्ष त्या भिंतीकडे बघत होते. शेडवाल्या काकांनी तीन मीटिंगा घोळ घातला, मग पिकअपवाल्यांच्या बायकोचा किस्सा वाचून दाखवला तेव्हा त्यांच्या सौ. म्हणाल्या, "शेड राहू द्या." अर्ज गेलाय. होईल न होईल.

कुपन अर्जात बसत नाही, तिथे बांधता येतील अशीच कामं चालतात. म्हणून आम्ही आठ जणींनी भिशीतले पैसे काढून चार रविवार करून बघितलं. तीस घरं, प्रत्येकी आठवड्याला ५० रुपयांचं कुपन. कार्ड, दाखला काही विचारलं नाही, अंगणवाडीच्या ताईंनी नावं दिली. बाजारातल्या सहा शेतकऱ्यांकडे आणि तीन हातगाड्यांवर चालणार. पैसे त्याच दुपारी दोनला रोख. (ताटवाटी, तुमचं ऐकलं.) टेबल प्रवेशाशी न लावता वस्तीतल्या शिवणाच्या दुकानात कुपनं ठेवली.

पहिल्या रविवारी नऊ कुपनं परत आली. चौथ्या रविवारी सव्वीस. त्यातली सतरा हातगाडीवरची. म्हणजे माझा 'शेतकरी बाजारात गर्दी' हा बेत फसला असंच म्हणा. हातगाडीवर पन्नासचं कुपन तीनदा मोडता येतं, एक मावशी पन्नासच्या बदल्यात चिठ्ठीवर तीन रेघा मारून देते. बाजारात एकदम संपवावं लागतं. झणझणीत, तुम्ही अर्धी पैज जिंकलात. दोन कुपनं किराणा दुकानात तेलावर गेली. दुकानदार पैसे मागायला आला. दिले. तेलाशिवाय मेथी शिजवणार कशात, असं तो म्हणाला, आणि मला उत्तर सुचलं नाही.

भिशीत आता दोन रविवारांपुरते पैसे आहेत.

---

माजी_पुरवठा | रविवार, रात्री ९.२०

दाखला मागितला नाहीत हे उत्तम. आठवड्याचे दीड हजार, म्हणजे वर्षाला ७८ हजार. वॉर्डाच्या हिशेबात ही रक्कम फार मोठी नाही. वह्या, हिशेब नीट ठेवा. कोणाकडे तरी घेऊन जायची वेळ येईल तेव्हा तेवढंच हातात असतं. हिशेबाची मांडणी लागली तर करून देईन.

---

गाडीवरची_लेक | रविवार, रात्री ९.४०

तीन रेघांवाली मावशी म्हणजे आमची आईच. तिने विचारायला सांगितलंय, कुपनावर पाच-पाच रुपयांचे तुकडे फाडता येतील असं छापता येईल का, बसच्या जुन्या तिकिटासारखं. रेघा मारताना पेन सापडत नाही.

---

पिकअपवाला | रविवार, रात्री १०.०५

छापणारा आमच्या गावात आहे, लग्नपत्रिकांचा. स्वस्तात करेल. किती हवीत ते कळवा, पुढच्या रविवारी गाडीतून घेऊन येतो. कोथिंबिरीखाली ठेवणार नाही.